काचेच्या ड्युअरमध्ये सुपरफ्लुइड हेलियम कसा बघायचा

द्रव हेलियम २.१७ केल्विनच्या, म्हणजे सुमारे उणे २७१ अंशांच्या खाली गेला की तो सुपरफ्लुइड, म्हणजे चिकटपणाशिवाय वाहणारा द्रव होतो. हे कळायला थर्मामीटर लागत नाही. इतका वेळ खदखदणारा द्रव एका क्षणात उकळायचा थांबतो. पंप चालूच असतो, वाफ निघतच असते, पण द्रवात बुडबुडा एकही नाही. हे ड्युअरमध्ये, म्हणजे दुहेरी भिंतींच्या थर्मॉससारख्या भांड्यात बघायचं कसं, आधी काय तयारी करायची आणि कुठे घात होतो, तेवढं इथे सांगते.

मी निपाणीची. शाळा मराठीत, पीयूसी (अकरावी-बारावी) इंग्रजीत, कन्नड बाजारात शिकले. नोकरी बेंगळुरूच्या एका प्रयोगशाळेत, हेलियम विभागात. द्रव हेलियम तयार करायचा, ज्याला हवा त्याला भरून द्यायचा आणि उडालेला वायू परत गोळा करायचा, हे माझं काम. खानापूर, चिक्कोडी, संकेश्वर, अथणीकडची पोरं एम.एस्सी.च्या प्रोजेक्टला आली की कुणीतरी त्यांना माझ्याकडे धाडतं. ती मला आक्का म्हणतात आणि पहिल्याच दिवशी विचारतात, "आक्का, एवढी थंडी तुम्ही तयार कशी करता?" अरे, थंडी कोण तयार करतंय? आतली उष्णता बाहेर काढायची आणि बाहेरची आत शिरू द्यायची नाही. काढायला पंप आहेत, यंत्रं आहेत. शिरू न देणं मात्र आपल्या हातात असतं, आणि पुढचं सगळं त्याबद्दलच आहे.

एक हिशेब आधी डोक्यात पक्का करा. एक वॉट उष्णता, म्हणजे लहान टॉर्चच्या बल्बाएवढी, तासभर आत झिरपली तर द्रव नायट्रोजन जेमतेम २२ मिलिलिटर उडतो. तेवढ्याच उष्णतेने द्रव हेलियम मात्र जवळजवळ १.४ लिटर उडतो. हेलियमची बाष्पीभवनाची उष्णता इतकी कमी आहे की नायट्रोजनमध्ये चालणारा आळस इथे चालत नाही.

गावात असाल तर नायट्रोजनवर हात बसवा

हेलियम गावात मिळणार नाही. नायट्रोजन मिळतो, आणि तो बघायला बेंगळुरूला यायची गरज नाही. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कृत्रिम रेतनाच्या रेतमात्रा ज्या ॲल्युमिनियमच्या कंटेनरात ठेवतात ना, त्यात ७७ केल्विनचा, म्हणजे उणे १९६ अंशांचा द्रव नायट्रोजन असतो. आमचा दादा त्या खात्यात आहे. त्याच्याकडून मी जे शिकले ते पुढे कुठल्या पुस्तकात इतकं नीट सापडलं नाही: कंटेनरचं बूच घट्ट बसवायचं नाही, ते सैलच असतं. पातळी मोजायला लाकडी पट्टी तळापर्यंत घालायची, थोडं थांबून काढायची आणि हवेत हलवायची, मग जिथवर दहिवर धरतं तिथवर द्रव. आणि रेतमात्रांचा डबा मानेच्या वर विनाकारण काढायचा नाही. डॉक्टरांना विचारून, ते काम करत असताना शेजारी उभं राहून बघा. त्यांच्या कंटेनरला स्वतः हात घालू नका, त्यात कुणाच्या तरी म्हशीचं पुढचं वर्ष असतं.

कॉलेजात रोटरी पंप आणि व्हॅक्यूम डेसिकेटर (आतली हवा ओढून काढता येणारं जाड काचेचं भांडं) असेल तर आमच्या हेलियमच्या प्रयोगाची रंगीत तालीम तिथेच होते. थर्माकोलच्या पेल्यात थोडा द्रव नायट्रोजन घ्या, डेसिकेटरमध्ये ठेवा, पंप सुरू करा. वाफ जोरात ओढली गेली की द्रव जास्त उकळतो आणि उकळता उकळता स्वतःचीच उष्णता घालवून गार होतो. दाब पाऱ्याच्या ९४ मि.मी.च्या आसपास आला की, म्हणजे ६३ केल्विनला, तो गोठतो आणि पांढरा गोळा होतो. हेलियमलाही आम्ही असंच गार करतो. फरक एवढाच की हेलियम गोठत नाही. त्याचे अणू एकमेकांना इतके कमी ओढतात, आणि इतके हलके असल्यामुळे निरपेक्ष शून्याजवळही त्यांची क्वांटम हालचाल इतकी शिल्लक राहते, की स्वतःच्या वाफेच्या दाबाखाली तो घन होतच नाही. त्याला घन करायचं तर सुमारे २५ वातावरणांचा दाब द्यावा लागतो.

खोलीत पाऊल टाकण्याआधी

बांगड्या, अंगठी, घड्याळ काढून ठेवा. ओढणी घरी. चपला चालणार नाहीत, बंद बूट हवेत. हातमोजे कातडी आणि सैल, झटकले तर पडले पाहिजेत. उघड्या कातडीवर पडलेला थेंब बहुतेक वेळा घरंगळून जातो, पण कापडात मुरलेला द्रव तिथेच बसून भाजतो. चष्मा हवाच.

एक लिटर द्रव हेलियमचा खोलीच्या तापमानाला साधारण ७०० लिटर वायू होतो. तो विषारी नाही, पण त्याच्या जागेची हवा हाकलतो. नायट्रोजनचंही तसंच. हेलियम छताला जाऊन बसतो, गार नायट्रोजन जमिनीलगत पसरतो, म्हणून ऑक्सिजनचे दोन मॉनिटर, एक वर, एक खाली. १९.५ टक्क्यांच्या खाली आकडा गेला की काम टाकून बाहेर यायचं. हेलियम उडतोय म्हणून वाईट वाटून आत थांबायचं नाही.

दुसरा धोका नव्या पोरांना पटतच नाही, तो बर्फाच्या बुचाचा. ४.२ केल्विनला हेलियम सोडून जगातला प्रत्येक वायू घन असतो. हवा, ओलावा, सगळं. ड्युअरची मान उघडी राहिली तर हवा आत ओढली जाते, मानेत गोठते आणि बूच तयार होतं. खाली हेलियम उडतोय, वर वाट बंद. मग दाब वाढत वाढत जातो आणि शेवटी भांडं फुटतं. म्हणून मान एक तर झाकलेली, नाही तर हेलियम वायू सतत बाहेर येत असलेली, तिसरी अवस्था नाही. सेफ्टी व्हॉल्व्हला हात लावायचा नाही, कुणी सांगितलं तरी.

आणि हेलियमच्या उघड्या गार नळीवरून टपटप पडतं ते पाणी समजू नका. ती द्रव हवा असते, आणि तिच्यात ऑक्सिजनचं प्रमाण जास्त असतं. तिच्याखाली तेलाचं फडकं ठेवणाऱ्याला मी त्या दिवशी खोलीबाहेर बसवते.

दोन ड्युअर, एकात एक

बाहेरच्या काचेच्या ड्युअरमध्ये द्रव नायट्रोजन, त्याच्या आत दुसरा ड्युअर हेलियमचा. दोन्हींवर चांदीचा मुलामा असतो, पण समोरासमोर एकेक उभी पट्टी कोरी सोडलेली असते, त्या फटीतून बघायचं. आतल्या ड्युअरच्या दोन भिंतींमधली पोकळी कायमची बंद केलेली नसावी, तिला झडप हवी. कारण खोलीच्या तापमानाला हेलियमचे अणू बोरोसिलिकेट काचेतून हळूहळू आरपार जातात आणि निर्वात खराब करतात. दर वेळी आधी ती पोकळी पंपाने रिकामी करायची. मग तिच्यात मुद्दाम किंचित कोरडी हवा सोडायची, पाऱ्याच्या एखाद-दोन मिलिमीटर दाबाची. ही हवा रात्रभरात आतल्या ड्युअरची उष्णता बाहेरच्या नायट्रोजनला नेऊन देते. सकाळी हेलियम ओतला की तीच हवा भिंतीवर गोठते आणि निर्वात आपोआप तयार. मला हा उपाय फार आवडतो. एकही जादा यंत्र न लावता उष्णतेची वाट आपोआप उघडते आणि मिटते.

घाईत असलेले लोक द्रव नायट्रोजन थेट आतच ओततात. चालतं, पण मग त्याचा शेवटचा थेंबसुद्धा हेलियम येण्याआधी बाहेर काढावा लागतो. राहिला तर तो गोठतो, आणि त्या गोठलेल्या नायट्रोजनला ४ केल्विनपर्यंत नेण्यात तुमचा हेलियम खर्च होतो.

आधी गार करणं इतकं का महत्त्वाचं, ते तांब्याच्या आकड्यांवरून बघा. एक किलो तांबं ३०० केल्विनवरून ४.२ पर्यंत आणायला नुसत्या बाष्पीभवनावर विसंबलात तर सुमारे ३१ लिटर हेलियम लागतो. नायट्रोजनने ७७ पर्यंत आधी आणलं असेल तर दोन लिटरच्या थोडा वर.

पण खरा कंजूषपणा पुढे आहे. द्रवाचा वायू होताना हेलियम ग्रॅममागे सुमारे २१ ज्यूल उष्णता घेतो. तोच वायू ४.२ केल्विनपासून खोलीच्या तापमानापर्यंत तापताना १५०० ज्यूलच्या वर घेतो. म्हणजे गार वायू घाईने बाहेर सोडून दिला तर ७० भाग फेकून एक भाग वापरल्यासारखं झालं. म्हणून ट्रान्सफर लाइनचं, म्हणजे हेलियम ओतायच्या नळीचं टोक ड्युअरच्या तळापर्यंत न्यायचं आणि सुरुवातीला अगदी हळू ओतायचं, म्हणजे वायू वर जाताना वाटेतल्या प्रत्येक वस्तूला चाटून जातो. त्याने त्या किलोभर तांब्याला दोन लिटरऐवजी पाव लिटरसुद्धा लागत नाही.

ओतणं

आतला ड्युअर आधी पंपाने रिकामा करून शुद्ध हेलियम वायूने भरा, हे एकदा पुन्हा करा. आता ट्रान्सफर लाइन, म्हणजे दुहेरी भिंतीची, मध्ये निर्वात असलेली नळी. एक पाय साठवणीच्या ड्युअरमध्ये, दुसरा आपल्या ड्युअरमध्ये. साठवणीच्या ड्युअरमधला पाय हळू उतरवायचा, कारण गरम नळी द्रवात एकदम बुडाली की वायूचा लोंढा वर येतो. मग त्या ड्युअरवर हलकासा दाब द्यायचा. आमच्याकडे त्यासाठी अजून फुटबॉलचं ब्लॅडर आहे. ते दाबलं की हेलियम वायू आत जातो आणि द्रव नळीतून पुढे सरकतो. नव्या मशीनवाल्यांना याचं हसू येतं. हसू दे, हाताला दाब कळतो.

द्रव जमायला लागला हे रिकव्हरी लाइनमधून, म्हणजे उडालेला वायू परत नेणाऱ्या नळीतून कळतं. सुरुवातीला वायू भराभर येतो, मग एकदम ओघ मंदावतो. म्हणजे तळ ४.२ ला आला. आता दाब थोडा वाढवला तरी चालतं.

पातळी मोजायला लाकडी पट्टी इथे चालत नाही. एक लांब बारीक नळी घ्या, वरच्या टोकाला पातळ रबराचा पडदा ताणून बांधा, वर अंगठा ठेवा आणि नळी हळूहळू आत सोडा. एक टोक खोलीइतकं गरम, दुसरं ४ केल्विन, त्यामुळे आतला वायू आपोआप थरथरायला लागतो. टोक द्रवात असताना थरथर जाड आणि संथ, द्रवाच्या वर आलं की बारीक आणि जलद. जिथे ती बदलते ती पातळी. याला टाकोनिस आंदोलन म्हणतात. पोरांना पहिल्यांदा त्यात काहीच कळत नाही, मग अचानक कळतं. मोजून झालं की नळी लगेच बाहेर, कारण तीच थरथर भरपूर उष्णता आत आणते.

हा हेलियम आला कुठून

ड्युअर भरेपर्यंत वेळ असतो, तेव्हा मी पोरांना जमखंडी सांगते. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाची सावली आपल्या मुलखावरून गेली. अथणीहून कृष्णा ओलांडली की जमखंडी, तेव्हाचं पटवर्धनांचं संस्थान. तिथे लेफ्टनंट जॉन हर्शेल वर्णपटदर्शक घेऊन बसला होता. विजापूरला कॅप्टन हेग होता, गुंटूरला फ्रेंच जान्सेन. सूर्याच्या कडेच्या ज्वाळांच्या वर्णपटात त्यांना तेजस्वी रेषा दिसल्या आणि त्या ज्वाळा वायूच्या आहेत हे ठरलं. त्यातली नारिंगी-पिवळी रेषा हर्शेलला सोडियमचीच वाटली. ती सोडियमच्या रेषांच्या जागी बसत नाही हे त्याच वर्षी ऑक्टोबरात लॉकियरने इंग्लंडमध्ये, ग्रहणाशिवायच, बघितलं. तीच हेलियमची रेषा. पृथ्वीवर हेलियम हाती लागला १८९५ मध्ये, रॅम्झीला, युरेनियमच्या एका खनिजातून.

लॉकियरने हेलियम विजयदुर्गावरून शोधला असं आपल्याकडे बरेच लोक छातीठोक सांगतात. लॉकियर विजयदुर्गावर आला होता हे खरं, पण २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणाला. तोवर हेलियम बाटलीत भरून झाला होता. कोकणाने काय सांगायचं ते सांगावं, जमखंडीवाल्यांनी मात्र गप्प का बसावं मला कळत नाही.

द्रव हेलियम पहिल्यांदा केला तो कॅमर्लिंग ओन्सने, लायडनला, १० जुलै १९०८ रोजी. गंमत अशी की त्याने पुढे पंप लावून तो दोन केल्विनच्या खाली कितीदा तरी नेला. म्हणजे सुपरफ्लुइड त्याच्या भांड्यात होता. पण काय बघतोय हे कळायला १९३८ साल उजाडावं लागलं.

पंप

आता मुख्य भाग. रिकव्हरीची झडप मिटा आणि पंपाची लाइन उघडा, पण आधी शेजारची बारीक झडप, मग मोठी. एकदम मोठी उघडली तर द्रव फेसाळून मानेपर्यंत येतो. पंप मोठा हवा आणि पाइप जाड हवा, कारण दाब उतरत जातो तसा तोच वायू कितीतरी पट जागा मागतो. पंपातून बाहेर पडणारा वायूही रिकव्हरीलाच जोडा.

थर्मामीटर नसला तरी दाबमापी पुरे. ७६० मि.मी.ला ४.२ केल्विन, साधारण १८० ला ३ केल्विन, ७७ ला २.५, आणि ३८ ला ते स्थित्यंतर, ज्याला लॅम्डा बिंदू म्हणतात. पुढे २३.५ मि.मी.ला २ केल्विन, ३.५ ला दीड. हे आकडे कागदावर लिहून दाबमापीशेजारी चिकटवा, अंधारात फोन शोधत बसू नका.

बघायचं कुठे आणि कसं? द्रव हेलियमचा अपवर्तनांक १.०३ च्याही खाली, त्यामुळे पृष्ठभाग असून नसल्यासारखा. साधा बल्ब लावू नका, त्याची उष्णता आत जाते. एल.ई.डी. घ्या, मागे दुधी कागद लावा, आणि डोळा पृष्ठभागाच्या किंचित खाली ठेवून तिरपं बघा. बारीक चकाकती रेघ दिसेल.

३८ मि.मी.पर्यंत पोचायला वेळ लागतो आणि द्रवाचा तिसऱ्या हिश्शाहून अधिक भाग त्यातच खर्च होतो. लॅम्डा बिंदूजवळ हेलियमची विशिष्ट उष्णता झपाट्याने वाढते, म्हणून शेवटी शेवटी दाबाचा काटा रेंगाळतो. तेव्हा पंपावर संशय घेऊ नका, आणि डोळा हलवू नका. द्रव पूर्ण उंचीभर खवळलेला असतो. एक शेवटची उसळी, आणि बुडबुडे गेले. दर वेळी कुणीतरी ओरडतंच, "आक्का, पंप बंद पडला काय की!" नाही रे, आवाज येतोय की पंपाचा.

झालं काय? संकेश्वरकडे गुऱ्हाळात काहील बघितली असेल. चुलवाणाचा जाळ खालून लागतो, तळ वरच्या रसापेक्षा जास्त तापतो, तिथे बुडबुडा धरतो आणि वर येतो. बुडबुडा व्हायला आत कुठेतरी जागा जास्त गरम असावी लागते. लॅम्डा बिंदूखालच्या हेलियममध्ये अशी जागा टिकतच नाही. त्याची उष्णता वाहून नेण्याची क्षमता लॅम्डा बिंदूच्या वरच्या तापमानाच्या हेलियमच्या लाखो पट असते. कुठेही आलेली उष्णता तत्काळ पृष्ठभागाला पोचते आणि बाष्पीभवन फक्त तिथेच होतं.

इतकी क्षमता येते कुठून, याचं उत्तर टिसाने १९३८ मध्ये मांडलं आणि लांदाउने १९४१ मध्ये वेगळ्या पायावर नीट उभं केलं. या द्रवात दोन भाग एकमेकांत मिसळून वागतात असं धरा: एक साधा, चिकटपणा असलेला, उष्णता वाहणारा, आणि दुसरा सुपरफ्लुइड, ज्याला चिकटपणाही नाही आणि एंट्रॉपीही नाही, म्हणजे तो उष्णता वाहून नेत नाही. कुठे उष्णता दिली की साधा भाग तिथून दूर वाहतो आणि सुपरफ्लुइड त्या जागेकडे येतो, एकाच वेळी, उलट दिशांनी. भांड्यात दोन वेगळे द्रव आहेत असा याचा अर्थ नाही. कुठला अणू कुठल्या भागातला, हे सांगता येत नाही, कारण अणू सगळे सारखेच. १९४६ मध्ये अँड्रोनिकाश्विलीने पातळ चकत्यांची चळत तारेला टांगून या द्रवात फिरती डोलवली. चकत्यांबरोबर फक्त साधा भाग ओढला जातो, त्यामुळे डोलण्याच्या काळावरून त्याचं प्रमाण काढता आलं. लॅम्डा बिंदूला सगळा साधा, एक केल्विनजवळ जवळजवळ काहीच साधा उरत नाही.

या सगळ्याच्या मुळाशी सत्येंद्रनाथ बोस आहेत, हे पोरांना आवर्जून सांगते. ढाक्याहून १९२४ मध्ये त्यांनी मांडलेली मोजणीची रीत आईन्स्टाईनने अणूंना लावली, आणि १९३८ मध्ये फ्रिट्झ लंडनने म्हटलं की हेलियमचं हे स्थित्यंतर त्याच जातीचं आहे. हेलियम-३ वर, म्हणजे हेलियमच्या हलक्या समस्थानिकावर, ही रीत तशी चालत नाही. त्याचे अणू आधी जोड्या करतात, तेव्हा कुठे २.५ मिलीकेल्विनच्या आसपास तो सुपरफ्लुइड होतो. १९७२ मध्ये ते दिसलं, पण तिथे पोचायला आमचा पंप उपयोगाचा नाही. ती वेगळी यंत्रं, वेगळा लेख.

खाली गेल्यावर करून बघायच्या गोष्टी

पहिलं, न चढवता चढणारा द्रव. तळ बंद असलेली काचेची नळी दोऱ्याने टांगा, बुडवून भरा आणि पृष्ठभागाच्या वर उचला. काचेवर हेलियमचा सुमारे ३० नॅनोमीटर जाडीचा थर आपोआप पसरतो. त्या थरातून सुपरफ्लुइड आतून वर, काठावरून, बाहेरून खाली जातो आणि तळाशी थेंब होऊन टपकतो. पुस्तकात चित्र बघून लोक मोठा पेला घेतात आणि कंटाळतात. प्रवाह काठाच्या परिघावर ठरतो, तासाला साधारण पाव घनसेंटीमीटर, परिघाच्या प्रत्येक सेंटीमीटरमागे. म्हणजे एक सेंटीमीटर व्यासाच्या पेल्यातून तासात एक घनसेंटीमीटरही जात नाही. तीन मिलिमीटर व्यासाची नळी घ्या. दीड केल्विनच्या आसपास तिच्यातली पातळी मिनिटाला अर्ध्या मिलिमीटरहून थोडी जास्त उतरते, ते डोळ्याला दिसतं. खूण करून ठेवा. रिकामी नळी अर्धवट बुडवली तर उलटं होतं, ती काठावरून भरते.

हाच थर तुमच्या ड्युअरच्या भिंतीवरूनही वर चढतो आणि गरम भागात उडून जातो. म्हणून खूप खाली जायचं असेल तर मान मध्ये अरुंद केलेली असते. परिघ कमी, गळती कमी.

दुसरं कारंजं. ॲलन आणि जोन्स यांनी १९३८ मध्ये केंब्रिजला बघितलं ते. काचेच्या नळीत बारीक एमरी पावडर घट्ट भरा, खालचं टोक कापसाने धरा, वर बारीक तोंड ठेवा. पावडर द्रवात, तोंड वर. आता टॉर्चचा उजेड पावडरवर मारा. पावडरच्या बारीक वाटांतून साधा भाग जाऊ शकत नाही, सुपरफ्लुइड मात्र उष्णतेकडे धावतो, आणि वरच्या तोंडातून हेलियम उडतो. टॉर्च बंद, कारंजं बंद. इथे एल.ई.डी. नको, जुना बल्बचा टॉर्च बरा, कारण उष्णताच तर द्यायची आहे.

तिसरं तुमच्या मनात नसताना होतं. ४.२ केल्विनला घट्ट असलेला जोड २.१७ च्या खाली गळायला लागतो. कापित्साने मॉस्कोत आणि ॲलन-मिझनर यांनी केंब्रिजला जी चिकटपणाशिवायची वाहणी मोजली, ती तुमच्या सोल्डरमधल्या न दिसणाऱ्या भोकातून सुरू होते. खोलीच्या तापमानाला लीक डिटेक्टर काही दाखवत नाही. रबराची रिंग तिथे लाकूड होते, म्हणून इंडियम या मऊ धातूची तार दाबून जोड करा, आणि नवं उपकरण महत्त्वाच्या मोजमापाआधी एकदा लॅम्डाखाली नेऊन आणा. युरोपातल्या सर्न प्रयोगशाळेच्या २७ किलोमीटरच्या बोगद्यातले चुंबक १.९ केल्विनच्या सुपरफ्लुइडमध्ये बसवलेत, उष्णता चटकन वाहून जाते म्हणून. तिथल्या जोडांचा विचार मनात आला की मला आपल्या कामाचं काही वाटत नाही.

पुन्हा उकळी थांबताना बघायची असेल तर पंपाची झडप मिटा, द्रव २.१७ च्या वर येऊ द्या आणि परत उघडा. द्रव उरलेला असेपर्यंत कितीदाही. मोबाईलवर चित्रण एकानेच करावं, बाकीच्यांनी डोळ्यांनी बघावं.

आवरणं

पंप बंद करण्याआधी त्याच्याकडची झडप मिटा, नाहीतर तेल मागे येतं. मग हेलियम वायू सोडून दाब वातावरणाइतका आणा. हवा नव्हे, हेलियमच. हवा सोडलीत तर ती आत गोठेल आणि वर सांगितलेलं बूच तयार. रिकव्हरी उघडा आणि उरलेला द्रव आपला आपण उडू द्या, घाई करून गरम करू नका. बाहेरचा नायट्रोजनही तसाच उडू द्या.

सगळं खोलीच्या तापमानाला आलं की एक काम उरतं, आणि नेमकं तेच टाकून लोक चहाला जातात. आतल्या ड्युअरमध्ये आता गरम हेलियम वायू आहे, आणि गरम काचेतून तो पोकळीत झिरपतो. तो पंपाने रिकव्हरीकडे काढा आणि ड्युअर कोरड्या नायट्रोजन वायूने भरून ठेवा. मग वहीत किती लिटर द्रव घेतला आणि मीटरवर किती वायू परत आला, हे दोन आकडे लिहा आणि वही मला दाखवा. फरक मोठा असेल तर आपण दोघं मिळून साबणाचं पाणी घेऊन रिकव्हरीचा एकेक जोड तपासू.